नऊ मुलींचा फेर

हस्ताचा पाऊस दुपारीच पडून गेला होता. हूटगळ्ळीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर फरशी अजून ओली होती. मधोमध पाट, पाटावर रांगोळीचा हत्ती, त्याची सोंड जिन्याच्या दाराकडे. भोवती नऊ मुली फेर धरायला उभ्या राहिल्या आणि गाणं सुरू व्हायच्या आधी भांडण सुरू झालं.

हूटगळ्ळी म्हणजे मैसूरच्या वायव्येला, हुणसूर रस्त्याच्या बाजूची वस्ती. एकीकडे कारखाने, एकीकडे घरांच्या कॉलन्या. नोकरीसाठी इथे येऊन राहिलेल्या मराठी घरांना नवरात्रात भोंडल्याची आठवण होते. कोल्हापूर-सांगलीकडचे त्याला हादगा म्हणतात. शेजारच्या कन्नड घरांत त्याच दिवसांत पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या असतात. तिकडे राजवाड्यापाशी जंबू सवारीचे खरे हत्ती तालमीला निघतात, इकडे आमचा रांगोळीचा हत्ती पाटावर बसतो.

भांडण शेजारावरून होतं. सगळ्यांत लहान, सात वर्षांची मुलगी माझ्या पदराला धरून म्हणाली, "काकू, मला कुणी ताईच्या शेजारी उभंच राहू देत नाही. रोज त्याच दोघी तिचा हात धरतात." मग तिने खरा प्रश्न विचारला. "असं नाही का करता येणार, की सगळ्या जणी सगळ्यांच्या शेजारी येतील?"

पहिल्या संध्याकाळी माझ्याजवळ उत्तर नव्हतं. नऊ मुली गोलात किती तऱ्हांनी उभ्या राहू शकतात, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. पण तिचा प्रश्न वेगळा होता, आणि तिथे पोहोचायला मला बराच वळसा घ्यावा लागला. तो वळसा म्हणजेच हे प्रकरण.

सुरुवात रांगेपासून करू. विजयादशमीला जंबू सवारी राजवाड्यातून बन्नीमंटपाकडे निघते. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी एका हत्तीच्या पाठीवर, आणि बाकीचे हत्ती पुढेमागे. समजा नऊ हत्ती एकामागोमाग चालवायचे आहेत. पहिल्या जागेसाठी नऊ पर्याय, दुसऱ्या जागेसाठी उरलेले आठ, तिसरीसाठी सात. असं एकपर्यंत गुणत गेलं की ३,६२,८८० येतात. यालाच नऊचं क्रमगुणित म्हणतात. रांगेला डोकं असतं आणि शेपूट असतं, त्यामुळे कोण पुढे आणि कोण मागे हे प्रत्येक वेळी स्पष्ट दिसतं.

फेराला ना डोकं, ना शेपूट. शिवाय तो फिरता. गाण्याच्या पहिल्या ओळीला जी मुलगी पाण्याच्या टाकीपाशी होती, ती चौथ्या ओळीला जिन्यापाशी आलेली असते, पण तिच्या डाव्या-उजव्या हातातले हात तेच राहतात. कुणी म्हणत नाही की फेर बदलला. आता हा एकच फेर कागदावर लिहायचा म्हटला तर कुठून लिहायला घ्यायचा? कोणत्याही मुलीपासून घेता येतो. म्हणजे एकाच फेराच्या नऊ वेगवेगळ्या रांगा होतात. रांगा ३,६२,८८० आणि दर फेरामागे नऊ, म्हणून फेर ४०,३२०.

पुस्तकात हेच दुसऱ्या वाटेने सांगितलेलं असतं: एकीला एका जागी उभी करा आणि उरलेल्या आठ जणींना तिच्या संदर्भाने मांडा. आठाचं क्रमगुणितही ४०,३२०च. मला ही वाट जास्त आवडते. गोलात मोजायला सुरुवात नसते, म्हणून आपण एका मुलीलाच सुरुवात ठरवतो. ती फिरली तर सगळा गोल तिच्याबरोबर फिरतो.

पण हे ४०,३२० कधी खरं आणि कधी खोटं, हे पाहिल्याशिवाय सूत्र वापरू नये. त्या संध्याकाळी एका आईने जिन्याच्या दारातून फोटो काढला. फोटोत एक मुलगी कॅमेऱ्यासमोर तोंड करून हसते आहे, एक पाठमोरी आहे. मुली एकेक जागा पुढे सरकल्या तर फोटो वेगळा येणार. फोटोसाठी गोल हा गोल नाहीच. त्याला दार आहे, दिशा आहे. त्यामुळे फोटो पुन्हा ३,६२,८८०. वाटोळं टेबल आणि त्याच्या एका अंगाला खिडकी असली तरी हेच होतं. खिडकीकडे तोंड करून कोण बसलं याने ज्याला फरक पडतो, त्याने भागाकार करू नये.

उलट, त्या लहानीच्या दृष्टीने ४०,३२० सुद्धा जास्तच. तिला ताईचा हात हवा होता, उजवा की डावा हे तिला चालणार होतं. सगळा फेर आरशात दिसतो तसा उलटा केला, तर प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना त्याच दोघी राहतात, फक्त हात बदलतात. मग दोन-दोन फेर एक होतात आणि उरतात २०,१६०. रोज एक नवा फेर धरला तर पंचावन्न वर्षांहून जास्त लागतील. वर्षाला नऊच संध्याकाळी धरले, तर २,२४० नवरात्रं.

गच्ची एक, मुली त्याच नऊ, आणि उत्तरं तीन. तिन्ही बरोबर. "किती?" या प्रश्नाच्या पोटात "कशाला सारखं म्हणायचं?" हा प्रश्न दडलेला असतो. शाळेत आम्हाला पहिला प्रश्न घोटून घोटून शिकवला आणि दुसरा कुणी विचारलाच नाही. मुलं या धड्यात अडखळतात ती गुणाकारात नव्हे, इथे. सूत्र पाठ असतं, पण दार आहे की नाही हे पाहायची सवय नसते.

ही सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचं मला सापडलेलं सगळ्यांत सुंदर उदाहरण दगडात कोरलेलं आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला. लीलावती हा त्याचा पाटीगणिताचा भाग. ते सह्याद्रीच्या परिसरातले. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तसा १२०७ चा शिलालेख तिथे आहे. लीलावतीच्या शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण येतं. त्यात ते विचारतात की शंभूच्या दहा हातांत दहा वस्तू आलटून पालटून दिल्या तर किती मूर्ती होतील, आणि हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म दिली तर किती. उत्तरं ३६,२८,८०० आणि २४.

हरीच्या चोवीस मूर्ती म्हटल्यावर संध्या करणाऱ्या कुठल्याही घरातल्या माणसाचे कान टवकारतील. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः अशी चोवीस नावं आचमनाच्या वेळी घेतात. माझे आजोबा ती इतक्या भरभर म्हणत की मला लहानपणी तो एकच लांबलचक शब्द वाटे. मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांत या चोवीस नावांना चोवीस मूर्ती आहेत. चेहरा तोच, मुकुट तोच, उभं राहणं तेच. कोणत्या हातात कोणतं आयुध, एवढ्यावरून नाव ठरतं. चार वस्तू, चार हात, चोवीस क्रम, चोवीस नावं. एकही क्रम रिकामा नाही आणि एकही दोनदा नाही.

मैसूरपासून साधारण पस्तीस किलोमीटरवर, कावेरीच्या काठी सोमनाथपूर आहे. होयसळ सेनापती सोमनाथाने १२५८ मध्ये बांधलेलं तिथलं मंदिर त्रिकूट आहे: तीन गाभारे, केशव, जनार्दन आणि वेणुगोपाल. मुख्य केशवाची जुनी मूर्ती आता नाही. पण बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या मूर्तींची रांगच आहे. हूटगळ्ळीहून सकाळी निघून तिथे गेलात तर एक वही बरोबर न्या आणि मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करा. मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. समोर उभं राहून पाहणाऱ्याला ही प्रदक्षिणेची दिशा दिसते.

भास्कराचार्यांनी चोवीसला चाराने भागलं नाही, कारण हात सारखे नाहीत. उजवा खालचा तो उजवा खालचाच. इथे दार आहे. तरी एकदा मला वाटलं, भागून तर पाहू. आयुधं एकेका हाताने पुढे सरकवली तर काय होतं? प्रचलित यादीप्रमाणे केशवाचा क्रम पद्म, शंख, चक्र, गदा. (काही ग्रंथांत हे क्रम थोडे वेगळे येतात.) प्रत्येक आयुध पुढच्या हातात द्या आणि शेवटची गदा पहिल्या हातात आणा: गदा, पद्म, शंख, चक्र. हा विष्णू. पुन्हा सरकवा: चक्र, गदा, पद्म, शंख. हा गोविंद. अजून एकदा: शंख, चक्र, गदा, पद्म. हा वामन. आणखी एकदा सरकवलं की परत केशव. चार मूर्ती, पण फेर एकच.

आता तोच फेर उलट्या दिशेने घ्या. शंख, पद्म, गदा, चक्र हा नारायण. त्याचीही तीन सरकणी आहेत: माधव, मधुसूदन, त्रिविक्रम. एका दिशेचे चार आणि उलट दिशेचे चार एकत्र केले की केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन. आचमनातली पहिली आठ नावं नेमकी हीच आहेत. माझी वही तिथेच थांबली. चार निराळ्या वस्तूंचे गोल सहा होतात, आणि उलटसुलट एकच धरले तर तीन. त्या तिनांपैकी एक गोल पूर्ण झाल्याशिवाय यादी पुढे सरकतच नाही. ज्यांनी ही नावं आणि ही आयुधं जुळवली त्यांच्या मनात काय होतं हे सांगता येणार नाही. पण आजोबांचा तो लांबलचक शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा आठ अक्षरी सुरुवात असलेला वाटला.

भास्कराचार्यांच्या तीनशे वर्षं आधी याच कन्नड मुलखात महावीराचार्य होऊन गेले. मान्यखेटाच्या, म्हणजे आजच्या मळखेडच्या, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात त्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्या ग्रंथाची छापील आवृत्ती एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रासला काढली. त्यात एकपदरी हाराचं उदाहरण आहे: हिरे, नीलम, पाचू, पोवळी आणि मोती या पाचांतून हार करायचा तर किती प्रकार? त्यांना विचारायचं आहे ते एवढंच की कोणती रत्नं घेतली. एक घेतलं तर पाच प्रकार, दोन तर दहा, तीन तर दहा, चार तर पाच, पाचही तर एक; बेरीज ३१.

आता सोनाराच्या नजरेने पाहा. त्याला ओवायचा क्रमही ठरवावा लागतो. प्रत्येक रत्न एकदाच घ्यायचं, हार बंद गोल, मागे हुक नाही, आणि गळ्यात घालताना तो उलटाही घातला जातो. तीन रत्नांपर्यंत क्रमाने काहीच बदलत नाही. तीन मणी कसेही ओवा, फिरवून आणि उलटून ते एकच निघतात. चार रत्नांचे तीन हार होतात, पाचांचे बारा. आता बेरीज करा: पाच, दहा, दहा, पाच त्रिक पंधरा आणि बारा, म्हणजे ५२. महावीरांचे ३१ आणि सोनाराचे ५२, आणि भांडण कशाचंच नाही. मागे हुक लावला की हाराला पुन्हा दार आलं आणि संख्या आणखी वाढली.

इथवर सगळ्या वस्तू निराळ्या होत्या. नऊ मुली नऊ नावांच्या, पाच रत्नं पाच रंगांची. वस्तू एकसारख्या आल्या की भागाकार दगा देतो. याचं उदाहरण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आठवी-नववीच्या व्याकरणाच्या तासाला आपण सगळ्यांनी एक मंत्र घोकलेला असतो: यमाताराजभानसलगम्. वृत्त ओळखायला ओळीतल्या अक्षरांचे तीन-तीनांचे गण पाडायचे आणि हा मंत्र आठवायचा. य गणाची खूण हवी? 'यमाता' म्हणा: लघु, गुरु, गुरु. म गण? 'मातारा', तिन्ही गुरु. त गण 'ताराज', र गण 'राजभा', असं करत स गण 'सलगम्'पर्यंत.

मला ते पाठ होतं, पण ते काय आहे हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. लघु-गुरूचे तीन-तीनांचे गट आठच होऊ शकतात, आणि आठही या एका शब्दात आहेत, प्रत्येक एकदाच, एकमेकांत अडकलेले. शेवटचं 'लगम्' म्हणजे लघु-गुरु. सुरुवातीचं 'यमा' हेही लघु-गुरुच. म्हणजे शेवटची दोन अक्षरं सुरुवातीच्या दोनांची पुनरावृत्ती आहेत. ती काढून टाका आणि उरलेली आठ अक्षरं गोलात मांडा: य, मा, ता, रा, ज, भा, न, स, आणि पुन्हा य. 'नसय' म्हणा, न गण मिळतो. 'सयमा' म्हणा, स गण मिळतो. ज्या शब्दाला आपण सरळ समजून पाठ करत होतो, तो मुळात फेर आहे. कुणीतरी एका ठिकाणी तोडून त्याची रांग केली आहे आणि तोडलेली टोकं पुन्हा जोडता यावीत म्हणून दोन अक्षरांची पालवी शिल्लक ठेवली आहे.

असे फेर किती? आधी आठ जागांच्या लघु-गुरूंच्या सगळ्या रांगा घेऊ. प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणजे २५६. फेराच्या आठ जागा, म्हणून आठाने भागा, ३२. हे उत्तर चूक आहे. खरं उत्तर ३६.

चूक कुठे झाली हे पाहण्यासारखं आहे. ज्या फेरात आठही लघु आहेत, तो कुठूनही लिहायला घ्या, रांग एकच होते. आठ नव्हे. लघु-गुरु-लघु-गुरु असा एकाआड एक फेर दोनच रांगा देतो. मुलींच्या फेराला आपण नऊ रांगा म्हणालो ते खरं होतं, कारण एकीसारखी दुसरी नव्हती. इथे काही फेर स्वतःतच पुनरावृत्ती घेऊन बसले आहेत, आणि त्यांना आठाने भागणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

यावरचा उपाय फार समंजस आहे. भागण्याआधी प्रत्येक फिरवण्याला विचारायचं, तू फिरवल्यावर जशाच्या तशा राहणाऱ्या रांगा किती? मुळीच न फिरवलं तर २५६ च्या २५६. चार घरं फिरवलं तर १६. दोन किंवा सहा घरं फिरवलं तर प्रत्येकी ४. एक, तीन, पाच, सात घरं फिरवलं तर प्रत्येकी २. सगळ्यांची बेरीज २८८, आणि आता आठाने भागा, ३६. विल्यम बर्नसाइड यांच्या १८९७ च्या पुस्तकामुळे या युक्तीला त्यांचं नाव चिकटलं. त्यांनी स्वतः मात्र तिचं श्रेय फ्रोबेनियस यांना दिलं होतं.

आता या छत्तीस फेरांत आठही गण एकेकदा सामावणारे किती? फक्त दोन. एक आपला यमाताराजभानस, आणि दुसरा त्याचाच आरशातला चेहरा. बांगडीसारखा तो फेर उलटून घालता आला तर जगात असा एकच फेर आहे, आणि तो आपण व्याकरणाच्या तासाला पाठ करून परीक्षेनंतर विसरतो! तीनऐवजी चार-चारांचे गट घेतले तर असे फेर १६ होतात, पाच-पाचांचे घेतले तर २,०४८. याचं सूत्र डच गणिती द ब्रॉइन यांनी १९४६ मध्ये मांडलं. फ्रान्समध्ये ते १८९४ मध्येच एकाने सोडवलं होतं, हे नंतर उघड झालं. आज हे फेर संगणकांपासून जनुकांच्या वाचनापर्यंत कामाला येतात. मला त्यातलं मोहवतं ते एवढंच, की सगळे गण, प्रत्येक एकदाच, कुणी सुटलं नाही आणि कुणी दोनदा आलं नाही.

आणि इथे मला गच्चीवरची ती सात वर्षांची मुलगी पुन्हा आठवली. तिचं मागणं हेच होतं. सगळ्या जणी, सगळ्यांच्या शेजारी, प्रत्येकीची पाळी एकदाच. तिला २०,१६० फेर नको होते. त्यांतले अगदी थोडे, पण नीट निवडलेले, हवे होते.

किती लागतील हे आधी पाहू. प्रत्येकीला आठ मैत्रिणी, आणि एका फेरात दोघींचे हात मिळतात. म्हणून चार फेरांहून कमीत होणार नाही. चारांत जमेल का, हा प्रश्न. आणि तो विचारून झालेला आहे. हनोईच्या मनोऱ्यांचं कोडं काढणारे एदुआर ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गणिती करमणुकीवर ग्रंथ लिहिले, त्यांत लहान मुलांच्या फेराचा हाच प्रश्न आहे, आणि वालेकी नावाच्या शिक्षकाने दिलेलं उत्तरही. पॅरिसच्या अंगणातल्या मुलींनाही तीच तक्रार असणार.

उत्तर असं. घड्याळासारखा एक गोल काढा आणि त्यावर १ ते ८ आकडे मांडा. नववी मुलगी बाजूला ठेवा. १ पासून २ वर जा, तिथून पलीकडे ८ वर, परत अलीकडे ३ वर, मग ७, ४, ६, ५. नागमोडी शिवण घालतो तशी रेघ. शेवटी ५ आणि १ यांच्या मध्ये नववीला उभी करा, गोल मिटला. पहिल्या संध्याकाळचा फेर: १, २, ८, ३, ७, ४, ६, ५, ९. दुसऱ्या संध्याकाळी नववीला तशीच ठेवून सगळी शिवण एक घर फिरवा: २, ३, १, ४, ८, ५, ७, ६, ९. तिसरी: ३, ४, २, ५, १, ६, ८, ७, ९. चौथी: ४, ५, ३, ६, २, ७, १, ८, ९.

एक नंबरच्या मुलीचे शेजारी तपासा. पहिल्या दिवशी ९ आणि २, दुसऱ्या दिवशी ३ आणि ४, तिसऱ्या दिवशी ५ आणि ६, चौथ्या दिवशी ७ आणि ८. आठही झाल्या, एकेकदा. कुठलाही दुसरा आकडा घेऊन पाहा, तसंच होईल. माझा विश्वास बसेना म्हणून मी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर छत्तीसच्या छत्तीस जोड्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या.

पाचव्या संध्याकाळी शिवण आणखी एक घर फिरवली तर येतं ५, ६, ४, ७, ३, ८, २, १, ९. ही पहिल्या संध्याकाळच्या फेराची उलटी बाजू आहे. शेजारणी त्याच, पण हात बदललेले. म्हणजे आठ संध्याकाळी ही शिवण फिरवत राहिलं, तर प्रत्येकीने प्रत्येकीचा हात एकदा डाव्या हाताने आणि एकदा उजव्या हाताने धरलेला असेल. पहिली संध्याकाळ भांडणात गेली होती. नवरात्राच्या उरलेल्या संध्याकाळी बरोबर आठ होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गच्चीवर गेले, तर मुली दहा.

तिसऱ्या मजल्यावरच्या कन्नड कुटुंबातली मुलगी आली होती. तिला गाणी येत नव्हती, पण फेर धरायचा होता. कुणाचंच त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. माझा कागद मात्र निकामी झाला. दहा जणींत प्रत्येकीच्या मैत्रिणी नऊ, आणि फेरात हात मिळतात दोन-दोन. नऊ विषम आहेत. कितीही फेर धरले तरी प्रत्येकीची पाळी नेमकी एकदाच येणार नाही. चार फेरांत आठ जणी होतात आणि प्रत्येकीची एक मैत्रीण राहून जाते.

त्या संध्याकाळी मी मुलींना जमेल तसा फेर धरू दिला आणि जिन्याच्या पायरीवर बसून कागदाच्या मागच्या बाजूला नवी शिवण घातली. गोलावर आता नऊ आकडे, बाहेर दहावी: १, २, ९, ३, ८, ४, ७, ५, ६, १०. ती तीनदा फिरवली, चार फेर झाले. मग राहून गेलेल्या जोड्या लिहिल्या. १ आणि ९. २ आणि ८. ३ आणि ७. ४ आणि ६. ५ आणि १०. पाच जोड्या, दहा जणी, कुणीही एकटी राहिलेली नाही. आणि आपल्याकडे दोघींनीच खेळायचा खेळ आहेच.

चार संध्याकाळी कागद पाहून फेर धरले. खिरापत ओळखायच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरून आलेला मैसूरपाक मुलींनी तुपाच्या वासावरून झाकण उघडण्याआधीच ओळखला. पाचव्या संध्याकाळी हत्तीचा पाट कठड्याला टेकवून ठेवला, गच्ची मोकळी केली आणि पाच फुगड्या लावल्या. लहानीचा आकडा पाच होता. ताईच्या शेजारी ती तिसऱ्या संध्याकाळीच उभी राहून झाली होती. आता तिच्यासमोर दहावी होती, आणि हात तिढा घालून कसे धरायचे ते ती तिला कन्नडमधून सांगत होती.